भरावाखालचं आभाळ

विरार लोकल भाईंदर सोडून खाडीपुलावर आली की डब्यातला वारा बदलतो. खारा आणि चिखलाचा वास असलेला वारा. श्रावणातल्या एका सकाळी मी दाराजवळ उभी होते. पिशवीत वही, पेन्सिल आणि जलरंगांची छोटी डबी. खाली वसईची खाडी फुगली होती. पाणजू बेटावरची झाडं पावसात पुसट झाली होती. पूल संपला आणि नायगावच्या बाजूला मिठागरं दिसू लागली. पावसाळ्यात मीठ पिकत नाही. बांधांच्या चौकटी तेवढ्या उरतात आणि चौकटीत पावसाचं पाणी. त्या पाण्यात आभाळ पडलं होतं, आणि पाण्याच्या कडेला, जणू त्यातूनच वर आलेल्या, उंच इमारती उभ्या होत्या.

मी वही उघडली आणि पहिल्याच रेघेला अडले. निसर्गचित्रात पहिली रेघ क्षितिजाची. ती वर ओढली की जमीन मोठी होते, खाली ओढली की आभाळ. इथे आभाळ वरही होतं आणि खालीही. मधे जिथे रेघ यायला हवी तिथे गॅलऱ्यांचे कठडे, पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे. वसई रोड स्टेशन आलं तरी कागद कोराच होता.

शहर आणि निसर्ग यांच्या नात्याकडे आजचे चित्रकार कसं बघतात, यावर लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं. दालनांत फिरून, कॅटलॉग चाळून हा लेख लिहिता आला असता. पण हा प्रश्न जिथे रोज पायाखाली येतो तिथे उभं राहून चित्रं आठवावीत, काढणाऱ्यांना भेटावं, असं मनात आलं. म्हणून दोन महिने वसई-विरारच्या फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत तीच अडलेली रेघ माझ्यासोबत होती.

खणलेली जमीन, भरलेली जमीन

वसई-विरारचा नकाशा चित्रकाराने एकदा हाताने काढून बघावा. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. मधला पट्टा सखल. डोंगरावर पडलेला पाऊस या पट्ट्यातून खाडीकडे जातो. वाटेत भरती असेल तर तो थांबतो आणि ओहोटीची वाट बघतो. हे थांबणारं पाणी खाजणं, भातखाचरं, तलाव आणि मिठागरं पोटात घेत आली.

पश्चिमेच्या गावांनी या सखलपणाशी आपल्या पद्धतीने जुळवून घेतलं. निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी या बाजूला वाडीत खड्डा खणायचा, निघालेल्या मातीने घराचं जोतं आणि वाडीची जमीन उंच करायची, आणि खड्ड्यात पाऊस साठू द्यायचा. या खड्ड्याला बावखल म्हणतात. त्यावर रहाट बसवून पाणी उपसलं जायचं, पुढे इंजिन आणि पंप आले. बावखलातलं पाणी वाळूत मुरतं आणि त्या गोड्या पाण्याचा दाब समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटतो. केळी, पानवेली, भाजी, फुलं, सगळी बागायत या दाबावर उभी राहिली. माती जितकी वर चढवली, तितकीच जागा पाण्यालाही दिली, असा हा व्यवहार होता.

शहर आलं तेव्हा या व्यवहारातला दुसरा भाग गळाला. १९९० मध्ये या भागाच्या नियोजनासाठी सिडकोची नेमणूक झाली. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. एवढी घरं उभी राहिली ती बहुतांशी भरावावर. इथे हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे. डंपरने मुरूम किंवा पाडलेल्या घरांचा राबिट आणायचा, सखल जमिनीवर ओतायचा, दाबायचा आणि त्यावर बांधायचं. शेजारचा नवा भराव जुन्यापेक्षा हातभर उंच असतो. मग जुनी चाळच खड्डा होते आणि पाणी तिथे शिरतं. जुलै २०१८ मध्ये रेल्वेचे रूळ बुडाले, लोकल थांबल्या आणि सखल वस्त्या दिवसच्या दिवस पाण्यात राहिल्या. पाणी जुन्याच वाटेने आलं होतं, वाट तेवढी बुजलेली होती.

याविरुद्ध इथली माणसं वेळीच बोलली होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीने टँकरसाठी होणारा पाण्याचा उपसा आणि बेसुमार बांधकामं यांच्याविरुद्ध गावोगावच्या लोकांना रस्त्यावर आणलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर २०२४ मध्ये गेले. वसईतल्या निसर्गाबद्दल कुणीही काही म्हणायला जावं, तर त्याआधी हे आंदोलन आठवावं लागतं. त्या माणसांनी हिरवाईला देखावा मानलं नाही, जगण्याचा आधार मानलं. चित्रकलेलाही हाच फरक शिकावा लागला, असं मला पुढे दिसत गेलं.

देखावा

शाळेत चित्रकलेच्या तासाला "देखावा काढा" म्हटलं की महाराष्ट्रातल्या पोराचा हात आपोआप चालतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, खाली उतरणारी नदी, काठावर झोपडी आणि चाराच्या आकड्यासारखे पक्षी. या हाताला पुढे शिक्षण मिळतं तेव्हा तो बाहेर पडून समोरचं बघून काढू लागतो. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने ही परंपरा घडवली. एस. एल. हळदणकर, एम. के. परांडेकर अशा चित्रकारांनी जलरंगातली निसर्गचित्रं मराठी घरांपर्यंत पोचवली. ओल्या कागदावर रंग सोडून पावसाळी आभाळ उभं करणं ही फार अवघड आणि फार सुंदर विद्या आहे.

वसईचा किल्ला या विद्येची आवडती जागा. मी गेले तेव्हा पाऊस थांबला होता आणि चारपाच मुलं-मुली पडक्या चर्चच्या कमानीसमोर बोर्ड मांडीवर घेऊन बसली होती. कमानीवरून वडाची मुळं उतरलेली, दगडाला शेवाळ, वर ढगाळ उजेड. एकीचा वॉश इतका नितळ उतरला होता की मी बराच वेळ तिच्या मागे उभी राहिले. कमानीच्या डाव्या अंगाने विजेची तार जात होती. ती तिच्या कागदावर नव्हती. कुणाच्याच कागदावर नव्हती. मी विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, "मॅडम, तार घेतली की मूड जातो."

तिचं चुकलं नव्हतं. तिला तसंच शिकवलं आहे आणि मलाही तसंच शिकवलं होतं. निसर्गचित्र म्हणजे निवड. पण पिढ्यान् पिढ्या एकच निवड करत राहिलं की डोळ्याला वळण लागतं. निसर्ग म्हणजे माणसाची तार जिथे नाही ती जागा, असं आपण मानू लागतो. आणि वसईच्या किल्ल्यात तर ही समजूत टिकतच नाही, कारण किल्ला हे स्वतःच एक शहर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी वसवलेलं, चर्चं, मठ, वाडे आणि बाजार असलेलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ते जिंकलं आणि पुढच्या काळात झाडांनी त्याचा ताबा घेतला. त्याच्याही आधी शेजारी सोपारा होतं, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे जिथे मिळाले ते शूर्पारक बंदर. म्हणजे या जमिनीने शहर चढताना पाहिलं आहे आणि शहर झाडाखाली जातानाही पाहिलं आहे. ही ये-जा कमानीच्या त्या नितळ चित्रात मावत नव्हती.

पुलावरून, पायरीवरून

शहर आणि झाडांची ही ये-जा मावेल अशी चौकट मराठी चित्रकलेत ज्यांनी घडवली त्यांत सुधीर पटवर्धन हे नाव फार मोठं आहे. १९४९ मध्ये पुण्यात जन्मलेले पटवर्धन १९७० च्या दशकात ठाण्यात आले आणि रेडिओलॉजिस्ट म्हणून त्यांनी तिथे व्यवसाय केला. २००५ नंतर पूर्ण वेळ चित्रं. क्ष-किरणांच्या फिल्ममध्ये कातडीखालचं हाड वाचणारा हा डोळा शहराकडेही तसाच बघतो. 'नाला' (१९८५), 'उल्हासनगर' (२००१), 'लोअर परळ' (२००१) अशी त्यांची चित्रं आहेत. त्यात डोंगर, पूल, वस्ती आणि चालणारी माणसं एकाच दमात येतात. काहीही मूड जातो म्हणून गाळलेलं नसतं.

त्यांच्या चित्रांसमोर थोडा वेळ उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. एका जागी उभं राहून हे सगळं असं दिसणं शक्य नाही. रस्ता वरून पाहिलेला, भिंत समोरून पाहिलेली, वळण बाजूने पाहिलेलं. निरनिराळ्या जागांवरून घेतलेल्या नजरा त्यांनी एका चौकटीत शिवलेल्या असतात, आणि शिवण कळत नाही. या शहरात रोज चालणारा माणूस असंच बघतो. तो थांबून देखावा बघत नाही, चालता चालता त्याच्या मनात जागा जुळत जातात.

ठाणे आणि वसई यांना जोडणारं पाणी एकच आहे. उल्हास नदी कल्याणवरून येते आणि वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी त्याच नदीला जाऊन मिळते. तेव्हा पटवर्धनांच्या चित्रांतल्या शहराचं पाणी मी ओलांडलेल्या पुलाखालूनच वाहतं. हे मनात ठेवून मी विरारला जीवदानीच्या डोंगराच्या पायऱ्या चढले आणि मधल्या एका टप्प्यावर वही उघडली. खाली इमारतींची दाटी, त्यातून गेलेले रूळ, त्यापलीकडे झाडांचा काळपट हिरवा पट्टा आणि टोकाला समुद्र. इथून क्षितिज स्वच्छ दिसत होतं. रेघ ओढणं सोपं होतं, मी ओढलीही. पण एवढ्या उंचीवरून भराव दिसत नाही. हातभर उंच आणि हातभर खाली यातला फरक, ज्यावर कुणाच्या घरात पाणी शिरतं ते ठरतं, तो वरून सपाट होतो. मला खाली उतरायला हवं होतं.

वाकून बघणं

दुसऱ्या डॉक्टर चित्रकाराची आठवण मला निर्मळच्या बाजूला एका बावखलाकाठी आली. गीव्ह पटेल, कवी, नाटककार, चित्रकार आणि मुंबईत अनेक वर्षं दवाखाना चालवणारे डॉक्टर. २०२३ मध्ये ते गेले. झाड तोडण्यावरची त्यांची इंग्रजी कविता, 'ऑन किलिंग अ ट्री', अनेकांनी शाळेत वाचली असेल. त्यांच्या घराण्याचं गाव नारगोळ, पालघर जिल्हा ओलांडला की लगेच लागणारं, याच किनाऱ्यावरचं. त्यांनी १९९० च्या दशकापासून विहिरींची चित्रं काढली. 'लुकिंग इंटू अ वेल' ही ती मालिका. काठावर उभं राहून खाली वाकल्यावर जे दिसतं ते कॅनव्हासवर. विहिरीची गोल भिंत, तिच्यातून उगवलेली झुडपं आणि तळाशी पाण्यात पडलेलं आभाळ.

या चित्रांत क्षितिजरेषा नाही. ती लागतच नाही, कारण माणूस पुढे बघत नाही, खाली बघतो. आणि खाली बघतो म्हणून त्याला वरचं दिसतं.

बावखलाच्या मालकांनी, निवृत्त चित्रकला शिक्षक असलेल्या एका गृहस्थांनी, मला काठावर उभं केलं. कडेला अळू आणि केळी, वर नारळ, पाण्यावर शेवाळाची साय. मी म्हटलं, "सर, पाणी दिसतच नाही."

"ताई, उभ्याने नाही दिसायचं. वाका."

मी नारळाला धरून वाकले. शेवाळ फाटलेल्या जागी पाणी होतं आणि पाण्यात झावळ्या, त्यांच्यामागे ढग. एक खंड्या त्या ढगात शिरल्यासारखा खाली आला आणि वर गेला. सर गेली कित्येक वर्षं जलरंगात फक्त बावखलं काढतात. घरात त्यांनी कागदांची चवड दाखवली. प्रत्येक कागदामागे पेन्सिलने गावाचं नाव आणि महिना. काही कागद त्यांनी वेगळे ठेवले होते. ती बावखलं आता नाहीत. एकावर पार्किंग आहे, एकावर मंगल कार्यालय.

सर आयुष्यभर मुलांना ग्रेडच्या परीक्षेसाठी बसवत आले. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा. चवडीतले ते वेगळे कागद परत ठेवताना ते म्हणाले, "ही मी समोर बसून काढली होती. आता ती स्मरणचित्रं झाली." आवाज अगदी शांत होता. मला मात्र त्या वाक्याने हलवलं. बावखल बुजतं तेव्हा पाणी जातं हे कळतं. पाण्यातलं आभाळही त्यासोबत गाडलं जातं, हे सरांच्या कागदांमुळे कळलं.

क्षितिज नसलेली भिंत

याच पालघर जिल्ह्यात एक चित्रकला अशी आहे जिला क्षितिजाचा प्रश्न कधी पडलाच नाही. वारली घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने लग्नाचा चौक लिहिला जातो. लिहिणाऱ्या सवाष्णी. चौकात पालघट देवी, भोवती झाडं, प्राणी, माणसं. झाड, माकड, बाई आणि बैल एकाच पांढऱ्या रेषेचे. पुढचं मोठं, मागचं लहान असा हिशेब नाही. जंगल एकीकडे आणि माणूस दुसरीकडे अशी वाटणी नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर पोचले आणि ही चित्रं कागदावर येऊ लागली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी लग्नाच्या चौकाबाहेर रोजचं जगणं चित्रात आणलं. त्यांचं मासेमारीचं जाळं आठवा. सबंध कापडभर बारीक विणलेली पांढरी जाळी, आणि तिच्या आतबाहेर मासे आणि माणसं. १९८९ मध्ये पॅरिसच्या 'मॅजिसियँ द ला तेर' या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला, माळरानावर चालून चालून रेषा उमटवणाऱ्या रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या जोडीने ती मांडली गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

आज वसई-विरारमध्ये फिरताना सोसायट्यांच्या कंपाउंडवर वारली चित्रांतला तारपा नाच जागोजागी दिसतो, तांबड्या ऑइलपेंटवर पांढरा. बहुतेकांना ती शोभा वाटते. विरार पूर्वेला अशाच एका भिंतीसमोर मला रंगवणारा भेटला, डहाणूकडचा वारली तरुण. त्याला तारप्याची ऑर्डर होती, ती त्याने पुरी केली होती. मग उरलेल्या कोपऱ्यात त्याने स्वतःचं काढलं होतं. डोंगर, डोंगराच्या कुशीत पाडा, आणि पाड्याच्या अंगावर चढणारं जेसीबी. जेसीबीचा हात त्याने बगळ्याच्या मानेसारखा वाकवला होता. तो यंत्राला चित्राबाहेर ठेवत नव्हता. त्याच्या भिंतीवर झाडाला जेवढी जागा, तेवढीच यंत्रालाही. म्हणून तर ते किती जवळ आलं आहे हे लगेच कळत होतं.

पाण्याची रेघ

शेवटच्या फेरीत नालासोपारा पूर्वेला गेले. मुंबईच्या कलाशाळांतून शिकलेले अनेक तरुण चित्रकार या पट्ट्यात राहतात, कारण इथलं भाडं परवडतं. या परवडण्याने त्यांच्या चित्रांचा आकारही ठरवला आहे. जिना अरुंद, म्हणून मोठी फ्रेम वर चढत नाही. टेम्पो महाग, म्हणून चित्र लोकलच्या मालडब्यात मावेल एवढंच. मोठं काही काढायचं तर तीन किंवा चार तुकड्यांत काढायचं आणि दालनात नेऊन जोडायचं, नाहीतर कॅनव्हास गुंडाळून न्यायचा. पावसाळ्यात फ्रेमचं लाकूड फुगतं, कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते. तैलरंग सुकत नाहीत, म्हणून अनेकजण ॲक्रिलिककडे वळतात. शहर इथे चित्राचा विषय होण्याआधीच चित्राच्या अंगात उतरलेलं असतं.

मी ज्या चित्रकर्तीकडे गेले तिची खोली तळमजल्यावर. चित्रं सगळी माळ्यावर, प्लॅस्टिकमध्ये. भिंतीवर, माझ्या कमरेपेक्षा थोडी खाली, एक तपकिरी रेघ सगळ्या खोलीभर फिरली होती. कपाटामागून, दरवाजाच्या चौकटीवरून, पुन्हा भिंतीवर. पुराचं पाणी जिथवर चढलं होतं त्याची खूण. घरमालकाने रंग काढून द्यायची तयारी दाखवली तेव्हा तिने नको म्हटलं होतं.

तिने माळ्यावरून चार कॅनव्हास उतरवले आणि भिंतीला टेकवून शेजारी शेजारी लावले. चौघांवरही एक आडवी रेघ होती, आणि ती भिंतीवरच्या रेघेशी तंतोतंत जुळली. रेघेच्या वर इमारती, पत्रे, डिश अँटेना, दोरीवरचे कपडे, सगळं बारकाईने. रेघेखाली आधी तिने निळ्या-हिरव्याचे पातळ थर दिलेले, त्यावर मुरमाच्या तांबूस रंगाचा जाड थर, आणि मग तो थर पत्र्याच्या पातीने ठिकठिकाणी खरवडलेला. खरवडलेल्या जागी खालचं निळं वर आलं होतं.

"ही जमीन का पाणी?" मी विचारलं.

"दोन्ही. इथे आधी तळं होतं म्हणतात," ती म्हणाली. "माझी आई भांडी मांडते ना, ती अजून या रेघेच्या वरच मांडते."

मी तिच्या चार कॅनव्हाससमोर जमिनीवर बसले. माझे डोळे त्या रेघेच्या बरोबरीला आले. दोन महिने मी क्षितिज दूर शोधत होते, खाडीपलीकडे, पायऱ्यांवरून, समुद्राच्या टोकाला. ते या खोलीत, कपाटामागे होतं. या शहरात निसर्ग कुठवर आहे याचं मोजमाप दुसऱ्या कुणीही इतक्या सरळ हाताने काढून ठेवलेलं नाही. पाण्याने स्वतः रेघ ओढली, आणि ती पुसू न देणं हे त्या मुलीचं काम.

परतताना अंधार पडत आला होता. गाडी नायगाव सोडून मिठागरांपाशी आली. बांधांच्या चौकटीत आभाळ होतं, त्यात इमारतींचे दिवे उलटे लागले होते. मी वही उघडली. आधी पाण्याची पातळी ओढली, कागदाच्या बऱ्याच खाली. मग तिच्या वर इमारती काढल्या, आणि तिच्या खाली आभाळ. एका बाजूने विजेची तार गेली होती, तीही घेतली.